ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचे टायर: का फुटतात आणि कधी बदलायचे

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात दर हंगामाला काही नवी पोरं ऊस वाहतुकीत उतरतात. ट्रॅक्टर नवा, कर्जाचा हप्ता नवा, आणि ट्रॉली मात्र कुणाकडून तरी जुनी घेतलेली. ट्रॅक्टरचं ऑइल, क्लच, हायड्रॉलिक सगळं डोळ्यात तेल घालून बघितलं जातं. ट्रॉलीच्या टायरांच्या वाट्याला येते ती एक लाथ. टण्ण वाजला की टायर चांगला.

हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. दसऱ्याच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि दिवाळी उरकली की मोळ्या हलायला लागतात. त्यामुळे खालची कामं दसऱ्याच्या आधी उरकायची आहेत. एकदा तोडणी टोळी फडात उतरली की कुणाला टायरकडे वाकून बघायला सवड नसते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. ट्रॉलीचा टायर घासून क्वचितच संपतो. तो वय होऊन, तापून आणि कमी हवेवर चालून मरतो. सहा-सात महिने ट्रॉली अंगणात नाहीतर बांधावर उभी असते आणि मग एका दिवसात तिच्यावर टनावारी ऊस चढतो. उभ्या टायरचं रबर उन्हात वाळत राहतं, नक्षी मात्र नव्यासारखी दिसते. परदेशात मोटारीमागे राहायची ट्रॉली ओढत फिरणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. टायर दिसायला कोरा, पण वय झालेलं, आणि पहिल्याच लांबच्या प्रवासात फुटतो. म्हणून तिकडे नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांत टायर बदला असं सांगतात. आपल्या ट्रॉलीवर त्याहून जास्त बोजा असतो, तेव्हा आपल्याला सूट मिळायचं कारण नाही.

आधी टायरचा जन्म शोधा

टायरच्या बाजूला, म्हणजे साइडवॉलवर, अक्षरांची गर्दी असते. त्यात एका लहान लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला तयार झाला. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असते. टॉर्च घेऊन ट्रॉलीखाली वाका, ओल्या फडक्यानं चिखल पुसा. चारी टायरांचे आकडे आणि स्टेपनीचा आकडा वहीत लिहून ठेवा.

हिशोब सोपा आहे. पाच वर्षांपर्यंत नेहमीची तपासणी पुरते. पाच ओलांडली की दर हंगामाआधी टायर डिस्कवरून, म्हणजे लोखंडी चाकावरून, काढून आतून बघायचा. सहा झाली की उसाच्या बोज्याखालून त्याला काढायचा. मोटारीच्या टायरला काही मोठ्या कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात, ते ऐकून कुणी तुम्हाला आठ वर्षांचा टायर खपवायला बघेल. रोज घरासमोर फिरणारी मोटार आणि पाणंदीतून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर यांना एक माप लावता येत नाही. सहा वर्षांचा टायर फेकूनच द्या असंही नाही. शेतात शेणखत नाहीतर वैरण ओढायच्या हलक्या ट्रॉलीला तो चालेल, हमरस्त्यावर नाही.

मग वजन, आणि ते अंदाजानं नाही

ऊस वाहणाऱ्याला एक मोठी सोय फुकटात असते, ती म्हणजे काटा. पण कारखान्याच्या पावतीवर येतं ते ट्रॅक्टरसकट सगळ्या गाडीचं वजन. एका टायरवर किती भार येतो हे त्यातून कळत नाही. हंगामात एकदा तरी बाहेरच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी न्या आणि फक्त एका ट्रॉलीची चाकं काट्यावर येतील अशी उभी करा. आलेला आकडा चाकांच्या संख्येनं भागा.

आता टायरवर लिहिलेलं बघा. मापाच्या शेजारी लोड इंडेक्सचा, म्हणजे एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा असतो. १४० म्हणजे एका टायरला २५०० किलो. चार चाकी ट्रॉलीला असे चार टायर असतील तर १० टन झाले, पण त्यात ट्रॉलीचं लोखंडही आलं. समजा रिकामी ट्रॉली ३ टनांची आहे, तर उसासाठी उरले ७ टन. वर टाकलेली प्रत्येक मोळी टायरच्या कुवतीबाहेरची. आकड्यापुढच्या अक्षरात वेग लिहिलेला असतो. शेतीच्या टायरवर ‘ए८’ असेल तर ताशी ४० किलोमीटर, ‘ए६’ असेल तर ३०. भार आणि वेग ही जोडगोळी आहे, एक पाळून दुसरा सोडला तर उपयोग नाही. काही टायरांवर लोड इंडेक्स नसून नुसता ‘१४ पीआर’, ‘१६ पीआर’ असा प्लाय रेटिंगचा आकडा असतो. तो ताकदीचा दर्जा आहे, आतले थर मोजायचा आकडा नव्हे. त्याचं किलोतलं उत्तर कंपनीच्या तक्त्यात असतं आणि तो तक्ता दुकानदाराकडून मागून घेता येतो.

भार चारी चाकांवर सारखा येतो असं धरून चालू नका. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे कलते. शिवाय समोरून बस आली की डावीच चाकं डांबराच्या तुटक्या कडेवरून खाली उतरतात आणि परत चढतात. वाटेत थांबाल तेव्हा डाव्या अंगाचे टायर आधी बघायची सवय लावा.

नक्षीवर नको, अंगावर हात फिरवा

ट्रॉली रिकामी करा, एकेक चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी, म्हणजे दगड नाहीतर ठोकळे, लावा. चाक हातानं सावकाश फिरवत बघा.

फुगा दिसला तर पुढचं बघायची गरज नाही, टायर बाद. फुगा म्हणजे आतले दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटलेत आणि हवा फक्त वरच्या रबराच्या भरवशावर थांबली आहे. वर नक्षीत उंचवटा आलेला असला तरी तेच. तो डोळ्याला पटकन दिसत नाही, तळवा सपाट ठेवून फिरवला की लागतो.

साइडवॉलवर केसासारख्या बारीक भेगा असतील तर त्या वयाच्या खुणा आहेत, नोंद ठेवा. भेगेत नखाची कड सहज शिरत असेल किंवा आत पांढरट दोरा दिसत असेल तर टायर बाद. उसाच्या फडात आणखी एक भानगड असते. कोयत्यानं तिरपी तोडलेली बुडखी वाळली की खिळ्यासारखी होतात आणि साइडवॉलमध्ये घुसतात. जखम वरून बोटाच्या पेराएवढी दिसते, आत किती खोल गेली ते कळत नाही. अशा जखमेवर रबराचं ठिगळ लावून मिळतं. साइडवॉलवरच्या ठिगळावर उसाचा बोजा टाकू नका.

नक्षी शेवटी बघा. खाचांच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर आडव्या पट्ट्या असतात. रबर घासून त्या पट्टीच्या पातळीला आलं, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर उरलं, की टायर संपला. त्यापुढे तो गोटाच. एकाच बाजूनं घासला असेल तर नवा टायर टाकायच्या आधी एक्सल वाकलाय का, पाट्याचं एखादं पान तुटलंय का, बेअरिंग सैल आहे का ते मिस्त्रीला दाखवा. नाहीतर नवा टायरही त्याच वाटेनं जाणार.

आणि जो टायर हवा नसताना काही अंतर चालला आहे, तो बाहेरून कितीही धड दिसू दे, आतून बघितल्याशिवाय परत चढवू नका. आतल्या बाजूला सुरकुत्यांचा पट्टा, रबराचा भुगा किंवा निळसर-काळा डाग दिसला तर त्याची हाडं मोडली आहेत. असा टायर हवा भरतानाच दगा देऊ शकतो.

हवा

फुटणाऱ्या टायरांचं सगळ्यात मोठं कारण हेच, आणि फुकटातलंही. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते. तार वाकवत राहिलं की ती जशी तापून तुटते, तसं आतल्या नायलॉनचं होतं. उष्णतेनं रबर आणि दोरे यांची पकड सुटते, थर वेगळे होतात आणि मग फक्त एक खड्डा पुरतो. ट्रकच्या टायरात एक जुना नियम पाळतात: हवी तेवढी हवा २० टक्क्यांनी कमी असली की टायर पंक्चर समजायचा. म्हणजे १०० पीएसआय लागणारा टायर ८० वर चालत असेल तर तो चालत नाही, मरतोय.

१०० आणि ८० मधला फरक लाथेनं कळत नाही, पहारीनं ठोकूनही कळत नाही. स्वतःचं हवेचं मीटर घ्या. पंपावरचं मीटर किती खरं बोलतं याची खात्री नसते आणि क्लीनर पोरगं ‘मारली हवा, अण्णा’ म्हणून मोकळं होतं.

हवा सकाळी, गाडी हलायच्या आधी, टायर गार असताना मोजायची. किती ठेवायची ते साइडवॉलवर किंवा कंपनीच्या तक्त्यात भाराप्रमाणे दिलेलं असतं. शेजाऱ्याच्या ट्रॉलीला किती आहे याला अर्थ नाही. दुपारी चालत्या गाडीत दाब वाढलेला दिसेल, तो वाढणारच. तापलेल्या टायरची हवा सोडू नका. सोडली तर गार झाल्यावर ती कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी टायर आणखी तापतो. व्हॉल्व्हची टोपी दिसायला क्षुल्लक, पण फडातली माती आत गेली की व्हॉल्व्ह रात्रभर हळूहळू हवा सोडत राहतो.

टायर घेताना

पैसे असतील तर नवे घ्या आणि एका एक्सलवर दोन्ही एकाच मापाचे, एकाच प्रकारचे घ्या. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन ही खिचडी नको. नवीन टायर म्हणून दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला माल देत नाहीत ना, ते चार आकडे वाचून बघा. टायर नवा तर ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि डिस्कच्या मधली रबरी पट्टी) नवे. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरात ती घडी पडून बसते आणि घडीवरच फाटते.

पण खरं सांगायचं तर नवे चार टायर एकदम घेणारे थोडेच. बहुतेक जण ट्रकवरून उतरलेले नाहीतर रिमोल्ड घेतात. रिमोल्ड वाईट नसतं. वरचं रबर नवं असलं तरी आतला सांगाडा मात्र जुनाच असतो. म्हणून वय सांगाड्याचं मोजायचं. चार आकडे घासून काढलेले दिसले तर तिथून निघा.

सेकंडहँड बाजारात एक खेळ असतो. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं नवी नक्षी कोरतात, वर काळं पॉलिश मारतात. संवाद साधारण असा होतो:

‘मामा, नक्षी बघा की. दोन हंगाम आरामात काढतंय.’

‘नक्षी दिसली. ती आडवी पट्टी कुठंय?’

कोरलेल्या खाचेत ती पट्टी सापडत नाही, खाचेच्या कडा चाकूनं कापल्यासारख्या धारदार असतात आणि तळाशी कुठेतरी दोऱ्याची छटा दिसते. पॉलिशवर ओलं फडकं घासलं की भेगा वर येतात. मग भाव कितीही उतरला तरी घेऊ नका.

बसवताना जीव सांभाळा

१०.००-२० सारखे ट्रकच्या मापाचे टायर ज्या डिस्कवर बसतात, तिला टायर जागेवर धरून ठेवणारी बाजूची रिंग आणि लॉक रिंग असते. हवा भरताना ती रिंग नीट बसलेली नसेल तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. समोर वाकलेला माणूस वाचत नाही. म्हणून आधी थोडी हवा भरून रिंग सगळीकडून खाचेत बसली का बघायची. नसेल बसली तर पूर्ण हवा सोडून पुन्हा बसवायची, हवा असताना हातोडी मारायची नाही. पुढची हवा लोखंडी पिंजऱ्यात, नाहीतर निदान डिस्कला साखळ्या गुंडाळून, लांब नळीनं, बाजूला उभं राहून भरायची. गंजलेली, वाकलेली रिंग भंगारात. चाक काढतानाही नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची सुई काढून हवा सोडा.

याहून एक धोकादायक गोष्ट गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानात सर्रास चालते: टायर चढवलेला असतानाच डिस्कला वेल्डिंग मारणं. हवा सोडलेली असली तरी नाही. डिस्क तापली की आतलं रबर आणि वंगण जळून वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. हे लगेच होतं असंही नाही, वेल्डिंग संपल्यावर काही वेळानंही होतं. टायर पूर्ण उतरवा, मगच वेल्डिंग. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्याला ट्रॉली देऊ नका.

चाक चढवल्यावर नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. नवीन बसवलेलं चाक थोडं सैल होतंच.

रस्त्यावर

ट्रॅक्टरवर बसलेल्याला मागच्या ट्रॉलीचा टायर गेलेला जाणवत नाही. दुसऱ्या ट्रॉलीचा तर अजिबात नाही. त्यात मोठा साउंड लावलेला असेल तर फुटल्याचा आवाजही ऐकू येत नाही, आणि माणूस पाठीमागे ठिणग्या उडवत पुढच्या गावापर्यंत जातो. भरल्या गाडीला साउंड बंद ठेवा. चालकांना हे आवडत नाही, तरी सांगतो.

निपाणीजवळच्या तवंदी घाटासारख्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आहेत. ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतो. ४० च्या टायरवर गाडी ६० नं पळायला लागली की बोजा, वेग आणि उष्णता तिन्ही एकदम वाढतात. चढताना जो गिअर लागेल तोच उतरताना ठेवा.

अर्ध्या वाटेत चहाला थांबाल तेव्हा हाताची मागची बाजू प्रत्येक टायरजवळ न्या. सगळे कोमट आणि एकच गरम असेल तर त्यात हवा कमी आहे. टायरपेक्षा मधला हब गरम असेल तर बेअरिंगचं ग्रीस संपलंय. टायर गरम आणि हब गार, का हब गरम आणि टायर गार, एवढा फरक ओळखता आला की अर्धा मिस्त्री झालात.

चिंचलीच्या मायाक्काची नाहीतर सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा आली की याच ट्रॉल्यांत माणसं बसतात. हंगामात झिजलेल्या, तापलेल्या टायरांवर घरातली बायकापोरं बसवून रात्रीचा प्रवास करू नका. उसाच्या मोळ्या पडल्या तर भरून घेता येतात.

फुटलाच तर

करकचून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, थ्रॉटल सोडा, गाडीला आपोआप मंद होऊ द्या आणि डांबर सोडून सपाट, टणक जागेवर डावीकडे घ्या. फुटक्या टायरवर ‘तेवढं ढाब्यापर्यंत’ म्हणून ओढत नेली तर डिस्कही जाते आणि शेजारच्या चाकावर दुप्पट भार येऊन तोही जातो.

अंधार असेल तर पाठीमागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. आपल्याकडे दगड आणि झाडाच्या फांद्या लावायची रीत आहे. चाक बदलून झालं की गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात. पहाटे दूध घालायला निघालेला मोटारसायकलवाला त्यावर आपटतो. त्रिकोण नसेल म्हणून दगड लावलेत तर निघताना ते स्वतः उचला, क्लीनरवर सोडू नका.

भरलेल्या ट्रॉलीखाली जॅक लावताना त्याच्याखाली जाड फळी हवी. काळ्या मातीत जॅक सरळ खाली जातो. शक्य असेल तर आधी ऊस उतरवा. टोळी चिडेल, उसाचं वजन घटेल, कारखान्यावरचा नंबर जाईल, तरी कललेल्या बोज्याखाली कुणी शिरायचं नाही. स्टेपनी त्याच मापाची आणि त्याच नटांच्या डिस्कची हवी हे घरीच बघून ठेवा, रस्त्यात नव्हे.

हंगाम संपल्यावर

खरी झीज इथे सुरू होते. शेवटची खेप झाली की ट्रॉली जिथे थांबली तिथेच सोडतात. खानापूरकडे पावसात ती महिनोन्‌महिने चिखलात रुतते, अथणीकडे उन्हात भाजून निघते. दोन्हीकडे टायर एकाच जागी दबून राहतो आणि तिथूनच पुढच्या वर्षी फाटतो.

ट्रॉली धुऊन, एक्सलखाली ठोकळे घालून चाकं जमिनीपासून बोटभर वर उचला. हवा थोडी कमी करून ठेवली तरी चालते, पूर्ण सोडू नका. उन्हाकडच्या टायरांवर पोती टाका. डिझेल, ग्रीस, खताचा सांडलेला भुगा रबराला लागलेला असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, डिझेलनं टायर चमकवायचा उद्योग करू नका. ठोकळे नसतील तर निदान महिन्यातून एकदा ट्रॉली हातभर पुढे ओढा, म्हणजे दुसरा भाग खाली येईल.

वहीत सहा वर्षं भरलेले जे टायर निघाले असतील त्यांची खरेदी गणपतीच्या आसपास करा, दिवाळीला सगळेच दुकानात असतात. उतरवलेले टायर परड्यात रचून ठेवले तर पावसाचं पाणी साठतं आणि त्यात डेंग्यूचे डास होतात. भंगारवाल्याला द्या. वैरणीच्या दावणीसाठी नाहीतर बांधाला ठेवायचेच असतील तर तळाला दोन-तीन भोकं पाडून ठेवा.